उजवा स्पीकर इथेच आहे

वाशी, ४ जुलै १९८३

मीना,

'प्रिय' लिहायची आज इच्छा नाही, म्हणून लिहिलेलं नाही.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. अडीच वर्षांत तू मला चार ओळींपेक्षा जास्त काही लिहिलं नाहीस. आता लिहिलंस ते काय, तर 'उजवा स्पीकर पाठव, इथे जोडीला गिऱ्हाईक आलंय.' पुण्याच्या कॅम्पातला कोणी हॉटेलवाला! घटस्थापनेला त्याच्या हॉटेलचं उद्घाटन, आणि दारातून शिरल्याबरोबर त्याला म्हणे 'काहीतरी विलायती' दिसायला हवं. म्हणजे आपले स्पीकर तो कुंड्यांच्या मधे उभे करणार आणि लोक त्यांना ओल्या छत्र्या टेकवणार.

हे डोकं तुझ्या भाच्याचं आहे. तू आता राहतेस त्या त्याच्या घरात डाव्या स्पीकरची अडचण होते हे मला कळतं. पण तुला काहीच कसं वाटलं नाही? चौसष्ट साली आगबोट कंपनीतला तो गोरा साहेब देश सोडून निघाला, तेव्हा आपण दोघी टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर रात्रपाळ्या करत होतो. पाळी संपवून, न झोपता, त्याच्याकडून टॅक्सीतून ही जोडी आणली. गावदेवीच्या खोलीत तुझ्या खाटेची जागा स्पीकरांना दिली आणि तू जमिनीवर गादी घालून झोपू लागलीस. तेव्हा कुरकुर केली नाहीस. कुरकुर वाशीला आल्यावर सुरू झाली. 'इथे चिखल आहे, इथे डास आहेत, इथे बस नाही, आणि घर घेताना मला विचारलं नाहीस.'

तू निघालीस तेव्हा 'आपला अर्धा भाग घेऊन जा' असं मी म्हटलं होतं. मान्य. पण रागातलं बोलणं ऐकून कोणी खरंच डावा स्पीकर उचलून टॅक्सीत घालतं का?

तर कळव त्या हॉटेलवाल्याला: उजवा बिघडलेला आहे. आवाज खोल गेलाय आणि मधूनमधून आत पाल चुकचुकल्यासारखी चट् चट् होते. कामाला येणारी आमची सखू दोनदा झाडू घेऊन पाल शोधून आली. बिघडलेली वस्तू विकायची माझी रीत नाही. मी तो दुरुस्त करीन, मग पाहू. एकदा ती जोडी गेली की आपल्या दोघींचं असं काय उरतं? दारावरची पाटी. ती मी अजून बदललेली नाही, पितळ महाग आहे म्हणून.

वैजयंती

*

वाशी, १९ जुलै १९८३

मीना,

'दुरुस्तीच्या भानगडीत पडू नकोस, विजेचा झटका बसेल,' हा तुझा सल्ला मिळाला. उशिरा मिळाला. झटका बसून गेला होता. प्लग काढला होता, तरी मागची जाळी उघडून बोट घातलं तर कोपरापर्यंत झिणझिण्या. या स्पीकरांना साध्या स्पीकरसारखा कागदी भोंगा आणि लोहचुंबक नसतं, हे तुला माहीत आहे. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मधे श्वासाने हलेल असा पातळ पडदा ताणलेला. त्या पडद्यावर हजारो व्होल्ट चढवून ठेवायचे, म्हणजे तो गाण्याबरोबर थरथरतो. हे व्होल्ट बंद केल्यावरही आतच बसून राहतात. तुझ्या रागासारखे.

पण मी घाबरलेली नाही. बोर्डावर लाइन खराब आहे की समोरचा माणूस बहिरा आहे, हे आपण कॉर्ड बदलूनच ठरवायचो ना? तेच इथे केलं. ॲम्प्लिफायरच्या डाव्या बाजूची तार उजव्या स्पीकरला लावली. आवाज खोलच. म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष. प्लग काढला, चट् चट् थांबली. म्हणजे चुकचुकणारी पाल पडद्यावरच्या व्होल्टांची, गाण्याची नव्हे. आता हे व्होल्ट तयार करणारा जो मेणात बुडवलेला ठोकळा खाली असतो, तो मेला आहे, की वर पडद्याला गळती आहे, एवढंच ठरायचं.

इथे पावणे गावच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा एक गोटीराम आहे, जवळच्या बोनकोडे गावचा. नव्या शहरासाठी जमीन गेली तेव्हा मिळालेल्या पैशांत भावाने टेम्पो घेतला, याने गाळा घेतला. त्याच्याकडे स्पीकर नेला. त्याने चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाला, "बाय, यो इस्पीकर नाय. यो हीटर हाय. आमचे मामाकडं पुन्याला हाय असाच."

मी म्हटलं, "मग तुमचे मामा हीटरवर ख्याल ऐकतात का?"

"मामा बहिरा हाय," तो म्हणाला, आणि स्वतःच इतका हसला की त्याच्या हातातला पाना खाली पडला.

त्याचं निदान: ठोकळा गेला. नवा बनवून देतो म्हणाला. मला संशय आहे. माणूस ज्या वस्तू बनवतो, त्याच त्याला सगळीकडे बिघडलेल्या दिसतात.

म्हणून तुला एक काम सांगते. तुझा डावा भाच्याच्या प्लेयरला जोडलेला आहे, असं तू लिहिलं होतंस. रेकॉर्ड चालू असताना फक्त स्पीकरचा भिंतीतला प्लग काढ आणि स्पीकर किती वेळ बोलत राहतो ते ऐक. माझा लगेच गप्प होतो. आणि त्याच्यावर वाळत घातलेले कपडे आधी उचल. हो, मला माहीत आहे. तुझ्या भाचेसुनेने गेल्या साली पाठवलेल्या फोटोत दिसतात. स्पीकरवर लंगोट!

वैजयंती

*

वाशी, १० ऑगस्ट १९८३

मीना,

पत्राबद्दल आभार. दोन पानं! आणि त्यातलं एक पान कामाचं.

तर तुझा डावा प्लग काढल्यावरही रेकॉर्डची एक बाजू पूर्ण गात राहिला, अगदी हळूहळू विझत. याचा अर्थ चांगला पडदा आपले व्होल्ट धरून ठेवतो आणि माझा गळतो आहे. म्हणजे ठोकळा निर्दोष, पडदा दोषी. हे मी गोटीरामला सांगायला गेले, तोवर त्याने नवा ठोकळा बनवून बसवलाही होता. लावून पाहिला. खोल आवाज, चट् चट्, सगळं जागच्या जागी.

"आता?" मी म्हटलं.

"आता जुना ठोकळा बी चांगला होता, ते समजला ना आपल्याला," तो म्हणाला. या माणसाला लाज वाटत नाही. मला तो आवडू लागला आहे.

मी पडदा उघडणार आहे. दोन्ही पत्रे रिव्हेटने जोडलेले आहेत, ते रिव्हेट एकेक ड्रिल करून काढावे लागतील. विलायतेतल्या कंपनीला मी पत्र टाकलं होतं, त्यांनी आकृत्या पाठवल्या आहेत, 'डिअर सर' म्हणून. निवृत्तीनंतर मी पुरुष झाले.

तुझं दुसरं पान. हॉटेलवाला घाई करतो आहे, त्याने सुतार लावून कोनाडेसुद्धा करून घेतले, आणि घटस्थापनेपर्यंत जोडी नाही आली तर तो दुसरं काही घेईल. घेऊ दे की. मुद्दा तो नाही, असं तूच पुढे लिहितेस. 'एकटा स्पीकर मला ऐकवत नाही. त्यातून फक्त तबला येतो. जोडी नसेल तर डावाही नको.'

हे तू खोडून पुन्हा लिहिलं आहेस, कागद फाटेपर्यंत. म्हणून मी त्यावर काही लिहीत नाही. फक्त माहितीसाठी: माझ्याकडे त्याच रेकॉर्डचा तंबोरा येतो. अडीच वर्षं मी ख्याल तबल्याशिवाय ऐकते आहे. गवई दोन्हीकडे थोडा थोडा आहे, त्यामुळे तो कुणाचाच नीट होत नाही.

वैजयंती

*

वाशी, २२ ऑगस्ट १९८३

मीनाबाई,

तुझं पितळ उघडं पडलं. नुसतं पितळ नव्हे, कुंकू!

काल गोटीरामच्या गाळ्यात पत्रे सोडवले. पडदा पारदर्शक असायला हवा, हो ना? आपला लालभडक. पत्र्यांना जिथे जिथे भोकं, तिथे तिथे पडद्यावर लाल ठिपके, रांगेत, कापडावर छापल्यासारखे. त्यांत पिवळी झाकही आहे. मी बोट लावून वास घेतला. हळद आणि कुंकू. खाडीच्या खाऱ्या दमट हवेत ते भिजलं, त्याची वाट तयार झाली आणि सगळे व्होल्ट त्या वाटेने पत्र्यांवर उतरू लागले. धूळ अडवायला वरून एक आवरण असतं, ते कधीच तडकलं होतं. आणि व्होल्ट चढवलेला पडदा म्हणजे काय, तर हवेतली पूड ओढून घेणारा हावरट.

किती वेळा सांगितलं होतं तुला! दर दसऱ्याला शिवणयंत्र, इस्त्री, कात्री, विळी, रेडिओ, टाइपरायटर, जे दिसेल त्याला हळदकुंकू आणि झेंडू. मी म्हणायचे, स्पीकरला नको, ते यंत्र आहे. तू म्हणायचीस, "शस्त्रांचीच तर पूजा असते, तुझ्या जिभेला लावू का मग?" माझ्या वडिलांनी घरात देव ठेवला नाही, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत त्यांचा ठेवला, मी दोघांनाही शरण गेले नाही. आणि माझा स्पीकर मेला तो तुझ्या कुंकवाने! गोटीरामसमोर मी इतकी बोलले तुला, की शेजारच्या गाळ्यातले दोघे काम टाकून बघायला आले.

पडदा कापसाने पुसायला गेले तो फाटला. आता नवा ताणावा लागेल.

ह्यावर तुझं काय म्हणणं आहे ते उलट टपाली कळव. आणि दोन पानं नकोत, एक शब्द पुरेल.

वै.

*

(पोस्टकार्ड)

वाशी, ३ सप्टेंबर १९८३

मीना, तुझं पत्र मिळालं. मुद्दे समजले. (१) तू प्लग काढून, ओल्या गंधाचं बोट स्पीकरच्या लाकडी पायाला लावायचीस, जाळीला कधीच नाही. (२) आत बसवलेला पडदा विलायतेहून डिसेंबर ऐंशीत आला, तू जानेवारीत गेलीस, मधे दसरा नव्हता. हे बरोबर आहे. मग कुंकू कुणी लावलं, असं तू विचारतेस. घरात सखू येते. तिला विचारीन. पोस्टकार्डावर यापेक्षा जास्त लिहिता येत नाही, पोस्टमन वाचतो. वै.

*

वाशी, २१ सप्टेंबर १९८३

प्रिय मीना,

गौरी-गणपतीत बोनकोडं बंद असतं, गोटीरामही बंद होता. त्यामुळे उशीर.

सखूला विचारलं. मुद्दाम दरडावून विचारलं. ती ओटा पुसत होती. फडकं टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्यावर आळ घेऊ नका, बाई. मी तुमच्या त्या जाळीला हातसुद्धा लावत नाही, चटका देती ती. गेल्या दसऱ्याला भांडी घासायला आले तर तुमीच तिथं बसलेल्या. ताटात हळदकुंकू. माझ्याच घरून मागून आणलेलं, पुडीत. आनि गाणं चालू. मला वाटलं, बाईंना कायतरी झालं."

"दरवर्षी?" मी विचारलं. मलाच मी विचारते आहे असं तिला वाटलं असेल.

"त्याच्या आदल्या साली बी. तेवा पुडी मोठी होती."

तिला मी कामावरून काढणार होते, पण तिचं काय चुकलं ते सापडलं नाही.

तर आता तुला कळलं. त्यावर फार काही बांधू नकोस. दसऱ्याला तो कोपरा उघडा दिसत होता. डाव्याची जागा आधीच रिकामी, त्यात उजव्याला काही नाही. तू काय करायचीस हे मी इतकी वर्षं नावं ठेवत पाहिलं होतं, म्हणजे नीट पाहिलं नव्हतं. प्लग काढायचा असतो हे मला माहीत नव्हतं. गंध ओलं असतं हेही नाही. मी चिमटीने कोरडं घेतलं आणि जाळीवर, जिथून आवाज येतो तिथे लावलं, तंबोरा चालू असताना. पडलं नाही खाली. मला वाटलं होतं, छान बसलं.

बस. पडद्याचं सांगते.

गोटीरामच्या गाळ्यामागे कपॅसिटर बनवणारे आहेत. तसलीच पातळ फिल्म त्यांना लागते. त्यांच्या मॅनेजरने 'कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या' वगैरे सुरू केलं, तेव्हा मी इंग्रजीत बोलले. पाच मिनिटांत त्याने गुंडाळीच काढून दिली. सिस्टरांचे उपकार. आकृतीबरहुकूम चौकट करून फिल्म ताणली. गोटीराम ओढत होता, मी चिकटवत होते. पहिली सुरकुतली. दुसरी गोटीरामच्या घामाने बरबाद. तिसऱ्या वेळी त्याला पंख्याखाली उभं केलं आणि मी ताणली. मग बायका केस वाळवतात त्या यंत्राने गरम हवा दिली. हळूहळू आवळली, आणि टिचकी मारली तर डग्गा नाही, तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी वाजली.

वर ग्रॅफाइटची पूड कापसाने घासायची आणि पुसून टाकायची. इतकी पुसायची की दिसता कामा नये. दिसली तर जास्त झाली. व्होल्ट पडद्यावर चढले पाहिजेत, पण पळता कामा नयेत. हे गोटीरामला पटेना. "लावायची नि पुसायची? मंग लावायची कशाला?" त्याला म्हटलं, तुम्ही लग्नात हळद लावता आणि धुता, तशी. तेव्हा पटलं.

काल घरी आणून लावला. चट् चट् नाही. मग प्लग काढला आणि बसले. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत तो बोलत होता. गोटीराम, त्याचा भाऊ आणि सखू, तिघंही आपली कामं टाकून उभे होते. भाऊ म्हणाला, "निसता तंबोराच हाय वाटतं?" मी म्हटलं, "तबला पुण्याला आहे."

तेव्हा स्पीकर तयार आहे. शब्द दिल्याप्रमाणे कळवलं.

तुझी,
वैजयंती

*

वाशी, १ ऑक्टोबर १९८३

प्रिय मीना,

तुझं अंतर्देशीय आलं. कुंकवाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. थोड्या थट्टेची माझी तयारी होती. फक्त एवढंच: 'हॉटेलवाला बुधवारी वाशीला टेम्पो पाठवतो आहे. माझा डावाही तो त्याच दिवशी नेईल. एकदाचं होऊन जाऊ दे.'

होऊ दिलेलं नाही.

काल सकाळी पुण्याला ट्रंक कॉल लावला. बोर्डावर कोणी नवी मुलगी होती, 'लाइन बिझी आहे, उद्या बघा' म्हणाली. मी तिला माझं नाव सांगितलं. तिच्या मागे कोणीतरी म्हणालं, "अगं, त्या वैजयंतीबाई, दे लवकर, नाहीतर इथे येतील!" मिनिटात हॉटेलवाला.

त्याला मी सांगितलं की जोडी विकायची नाही. तो म्हणाला, "पण मीनाबाई हो म्हणाल्या." मी म्हटलं, "मीनाबाई अर्ध्या जोडीच्या मालक आहेत. अर्ध्याला मी नाही म्हणते." तो म्हणाला, "मग डावा तरी द्या, दिसायला पुरतो." दिसायला! तेव्हा मी जे बोलले ते तो बहुधा तुझ्या भाच्याला सांगेल, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. कोनाड्यांत पितळी समया ठेवा म्हटलं. त्या दिसतातही आणि बोलत नाहीत.

हे मी तुला न विचारता केलं. घरासारखंच. या वेळी निदान दुसऱ्या दिवशी कळवते आहे, ही माझी प्रगती समज. तू रागावशील. रागव. पण एक तांत्रिक अडचण ऐकून घे, मग रागव.

नवा पडदा आणि जुना पडदा यांची जोडी जमत नाही. उजवा आता स्वच्छ आणि मोठ्याने बोलतो, तुझा डावा त्याच्यापुढे म्हातारा वाटेल. तबला मागे राहील. तुझ्या डाव्याचंही विलायती आवरण तडकलेलं असणार, आणि त्यात लंगोटांची दमट हवा. त्याच गुंडाळीतली फिल्म डाव्याला ताणायला हवी, त्याच हातांनी. ते हात पोस्टाने पाठवता येत नाहीत.

म्हणून मंगळवारी, म्हणजे हॉटेलवाल्याच्या ठरलेल्या टेम्पोच्या एक दिवस आधी, आमचा टेम्पो येतो आहे. गोटीरामचा भाऊ चालवणार. जासईहून काही माल त्याला पुण्याला टाकायचाच आहे. मागे उजवा स्पीकर उभा, गोधड्यांत गुंडाळून. घाटात त्याला कोणीतरी धरून बसावं लागेल. गोटीराम म्हणाला, "मी येतो धरायला." त्याला म्हटलं, तू पाना धर. माझी पिशवी भरली आहे. ड्रिल आहे, रिव्हेट आहेत, ग्रॅफाइट आहे, केस वाळवायचं यंत्र सखूच्या नणंदेचं. दोन साड्या आहेत. तिसरी काढून ठेवली, मग पुन्हा घातली. सकाळपासून हेच चाललंय.

मी तुला भेटायला येते आहे असा गैरसमज नको. काम तीन-चार दिवसांचं आहे. तुझ्या भाच्याला सांग, मी रात्रीचं आठच्या आत जेवते आणि त्याच्या मुलांना गोष्टी सांगत नाही. डाव्याच्या खोलीतले वाळत घातलेले कपडे मात्र मी यायच्या आत निघाले पाहिजेत. दार उघडलं नाहीस तर मी उजवा जिन्यातच लावीन, प्लग शेजाऱ्यांकडून घेऊन, आणि अख्ख्या इमारतीला तंबोरा ऐकवीन. मला तू ओळखतेस.

डावा झाला की दोन्ही एका भिंतीला लावून ती रेकॉर्ड सुरुवातीपासून ऐकू. मग काय विकायचं, काय नाही, कुणी कुठे राहायचं, ते बोलू. इथे आता पावण्यापर्यंत बस आहे. डास आहेत, ते मी नाकारत नाही.

टेम्पो रविवारी वाशीला परत निघणार. मोकळा टेम्पो आणायला गोटीरामच्या भावाला आवडत नाही. मागे दोन स्पीकर आडवे न करता मावतात, मी टेप लावून पाहिलं. पुढे ड्रायव्हरशेजारी दोन बायका मावतील की नाही, हे मात्र पुण्याला जाऊन तू बारीक झालीस की जाड, यावर आहे.

तुझी,
वैजयंती